लोकरीचा मुलूख व पावसाचा मुलूख

अशक्य वस्तूचे उदाहरण म्हणून आपल्या नैयायिकांनी सशाचे शिंग पुढे केले. सशाची लोकर त्यांना कोणी सांगितली असती, तर तीही त्यांनी बहुधा याच सदरात घातली असती. आपल्या भाषेत लोकर ही मेंढीची. शेळीचे ते केस आणि सशाची ती लव. तथापि ज्याच्या अंगावरील तंतू कातरून त्याचे सूत काढता येते असा ससा जगात गेली दोन-अडीचशे वर्षे पाळला जात आहे, आणि डोंगराळ प्रदेशातील गरीब कुटुंबांना जोडधंदा म्हणून तो सुचविण्यात येतो. उत्तर कन्नड जिल्ह्यातील जोयडा तालुका हा असाच डोंगराळ, अरण्यमय व पैशाने दुबळा प्रदेश आहे. तेथे अंगोरा जातीचे ससे पाळून लोकर व सूत काढण्याचा धंदा रुजेल काय, हा प्रश्न सहजच मनात येतो. वरवर पाहता हा प्रश्न पशुसंवर्धन खात्याचा आहे. वाङ्मयाच्या व इतिहासाच्या अभ्यासकांनी त्यात पडण्याचे कारण नाही असे कोणी म्हणेल. आमचे मत निराळे आहे. कोणत्या भूमीत कोणता तंतू निपजतो, तो कोण कातते, कोण विणते आणि कोण पांघरते, हा शुद्ध इतिहासाचा प्रश्न आहे. आणि त्याचे उत्तर शोधू लागले म्हणजे सह्याद्रीच्या दोन्ही अंगांना पसरलेल्या मराठी लोकजीवनाचे एक मोठे दालन उघडते.

प्रथम सशाविषयी. अंगोरा हे नाव तुर्कस्तानातील आजच्या अंकारा शहराचे जुने नाव होय. या शहराच्या नावाने तीन प्राणी प्रसिद्धीस आले : लांब केसांची मांजर, मोहेर नावाची तकतकीत लोकर देणारी शेळी, आणि ससा. यांपैकी शेळीचे त्या भूमीशी असलेले नाते निर्विवाद आहे. सशाचा नावलौकिक मात्र मुख्यतः अठराव्या शतकापासून फ्रान्समध्ये वाढला. तेथील शेतकरी कुटुंबांतून हा ससा पिंजऱ्यात पाळला जाऊ लागला व तेथून तो युरोपच्या इतर देशांत पसरला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या लोकरीच्या उत्पादनात चीनने सर्वांस मागे टाकले.

या मऊ तंतूचा इतिहास मात्र सर्वस्वी मऊ नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जर्मनीतील नाझी सत्तेने दाखाऊसारख्या बंदिवासाच्या छावण्यांतून अंगोरा ससे मोठ्या संख्येने पाळले होते. १९४५ साली सिग्रिड शुल्ट्झ या अमेरिकन पत्रकर्तीच्या हाती या उद्योगाची छायाचित्रांची एक चोपडी लागली. ज्या कुंपणाच्या आत माणसे उपासमारीने मरत होती, त्याच कुंपणाच्या आत सशांची निगा उत्तम राखली जात होती, हे त्या चित्रांवरून जगाला दिसले. पुढे २०१३ साली चीनमधील काही ठिकाणी जिवंत सशांची लोकर उपटून काढतानाची दृश्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा युरोपातील अनेक मोठ्या कपडेविक्रेत्यांनी या लोकरीचे कपडे विकणे थांबविले. तंतू कोणत्या हातांनी आणि कोणत्या रीतीने काढला, हा प्रश्न तंतूच्या मोलापासून निराळा काढता येत नाही, एवढे यावरून ध्यानात यावे.

गुणांच्या दृष्टीने पाहता या लोकरीला तोड नाही. तिच्या तंतूची जाडी सामान्यतः १२ ते १४ मायक्रॉन असते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. उत्तम मेरिनो मेंढीची लोकर २० मायक्रॉनच्या आसपास असते आणि आपल्या दख्खनी मेंढीची ४० ते ५० मायक्रॉनपर्यंत जाते. सशाचा तंतू आतून पोकळ असल्यामुळे वजनाला हलका व उबेला अधिक. दर अडीच ते तीन महिन्यांनी तो कातरता येतो. तीन-चार किलो वजनाचा एक ससा वर्षाकाठी अर्ध्या किलोहून अधिक लोकर देतो. म्हणजे आपल्या कळपातील एखाद्या पूर्ण वाढलेल्या मेंढीच्या बरोबरीने, कित्येकदा तिच्याहूनही अधिक. हे आकडे ऐकून कोणासही मोह पडावा.

परंतु आकड्यांची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. अंगोरा ससा हा थंड व कोरड्या हवेचा प्राणी आहे. अंगावर लोकरीचा एवढा भार वाहणाऱ्या या प्राण्यास घाम येत नाही. तो आपल्या अंगातील उष्णता मुख्यतः लांब कानांवाटे व श्वासावाटे बाहेर टाकतो. हवा तीस अंशांच्या वर गेली की तो धापा टाकू लागतो, खाणे कमी करतो, आणि नर तर काही काळ प्रजोत्पादनासही निरुपयोगी होतो. दमट हवेत लोकरीच्या गाठी वळतात व कातडीचे रोग जडतात. शिवाय या तंतूस मेंढीच्या लोकरीसारखा लवचिकपणा नसल्यामुळे निव्वळ त्याचे सूत सैल पडते. त्यात मेंढीची लोकर मिसळून सूत काढावे लागते. म्हणजे सशाची लोकरही अखेर मेंढीच्या आधाराने उभी राहते.

भारतात या सशाने जेथे मूळ धरले ते स्थळ पाहिले म्हणजे ही गोष्ट अधिक स्पष्ट होते. १९६२ साली राजस्थानात अविकानगर येथे केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्था स्थापन झाली. तिचे हिमाचल प्रदेशातील केंद्र कुलू खोऱ्यात गडसा येथे आहे, आणि अंगोरा सशाचे आपल्याकडील मुख्य संशोधन तेथेच झाले. १९८०च्या दशकात जर्मन अंगोरा जातीचे ससे आणून तेथून शेतकऱ्यांस पिलांचा पुरवठा करण्यात आला. कुलूची हवा सशाला मानवली हे तर खरेच. पण आमच्या मते त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, ससा येण्यापूर्वीच कुलूत माग होता. घरोघर पट्टू व शाली विणण्याची तेथे जुनी परंपरा होती. भुट्टी विणकरांची सहकारी संस्था १९४४ साली तेथे स्थापन झालेली होती. नवा तंतू आला तो जुन्या हातांत आला. कातणारी बोटे, विणणारे माग आणि शाल विकत घेणारा प्रवासी, ही तिन्ही तेथे आधीपासून सज्ज होती. दक्षिणेत याच संस्थेचे केंद्र कोडाईकनालजवळ मन्नवनूर येथे सुमारे दोन हजार मीटर उंचीवर आहे. एवढी उंची गाठल्याखेरीज दक्षिणेत अशा जनावरांस लागणारा गारवा मिळत नाही, हा त्यातील सरळ अर्थ होय.

आता जोयड्याकडे वळू. हा तालुका पूर्वी सुपे या नावाने ओळखला जाई. काळी नदीचा उगम याच तालुक्यात डिग्गीजवळ आहे. या नदीवर गणेशगुडी येथे धरण झाले व १९८०च्या दशकात सुपे हे जुने ठाणे जलाशयाखाली गेले. तालुक्याची कचेरी त्यापूर्वीच जोयड्यास आली होती. हा सारा जिल्हा १८६२ साली मद्रास इलाख्यातून मुंबई इलाख्यात आला आणि १९५६ साली राज्यपुनर्रचनेत म्हैसूर राज्यात गेला. म्हणजे सुमारे चौऱ्याण्णव वर्षे त्याचा कारभार मुंबईशी जोडलेला होता. भाषेच्या दृष्टीनेही ही सीमाभूमीच आहे. कानडी, कोकणी व मराठी यांचे प्रवाह येथे एकमेकांत मिसळतात. कुणबी, मराठा, गवळी धनगर अशा समाजांच्या तोंडी असलेली बोली व्याकरणाच्या चौकटीत बसविताना अभ्यासकाची तारांबळ उडते.

या भूमीचा खरा स्वामी पाऊस आहे. गोव्याच्या सीमेवरील कॅसलरॉक हे स्थानक समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटरांवर असून तेथे देशातील अतिवृष्टीच्या स्थळांत गणना व्हावी एवढा पाऊस पडतो. ज्येष्ठापासून भाद्रपदापर्यंत घरातील भिंतींना, धान्याला, चामड्याला, सर्वांना बुरशी धरते. उन्हाळ्यात हवा तापते, आणि हिवाळ्याच्या पहाटे सोडल्या तर खरी थंडी अशी नाही. अंगोरा सशाला जे जे नको ते ते सर्व येथे आहे. पंखे, जाळ्या, विकतचे खाद्य व पशुवैद्याचा नित्य फेरा यांच्या बळावर पाच-पन्नास ससे जगवून दाखविता येतील. पण ज्याच्या घरी वीज पावसाळ्यात दिवसेंदिवस येत नाही, त्या कुणब्याच्या परसात तो ससा टिकणार नाही.

येथे कोणी विचारील : ससा नाही तर नाही, मेंढी तरी येथे का नाही? या प्रश्नाचे उत्तर धनगर समाजाच्या इतिहासात सापडते. धनगरांच्या अनेक पोटजातींपैकी हटकर व खुटेकर हे मेंढ्या पाळणारे आणि त्यांची वस्ती प्रामुख्याने सह्याद्रीच्या पूर्वेकडील कमी पावसाच्या पट्ट्यात : फलटण, माण, खटाव, जत, सांगोले, अहिल्यानगरचा दक्षिण भाग. याउलट गवळी धनगर, ज्यांस कित्येक ठिकाणी डांगे असेही म्हणतात, ते सह्याद्रीच्या माथ्यावर अतिवृष्टीच्या प्रदेशात राहणारे; त्यांचे धन म्हशी व थोड्या शेळ्या. कैलाशचंद्र मल्होत्रा व माधव गाडगीळ यांनी १९८०च्या सुमारास या गवळी धनगरांच्या जीवनाचा जो अभ्यास केला, त्यात पर्यावरणाने घातलेली ही वाटणी चांगली दिसून आली आहे. मेंढीला सततचा पाऊस सोसत नाही. तिची लोकर भिजून जड होते, खूर कुजतात, जंतांचा उपद्रव होतो. म्हणून जेथे पाऊस तेथे म्हैस आणि जेथे ऊन तेथे मेंढी, अशी ही जुनी विभागणी आहे. एकाच समाजाच्या दोन शाखा पावसाच्या रेषेने एकमेकींपासून वेगळ्या केल्या, असे म्हणावयास हरकत नाही.

हे गवळी धनगर महाराष्ट्रातून सह्याद्रीच्या धारेने टप्प्याटप्प्याने दक्षिणेकडे सरकत गेले. आज जोयडा, हल्याळ, यल्लापूर व मुंडगोड या तालुक्यांत त्यांच्या वस्त्या आहेत. भोवती कानडी मुलूख असताही त्यांनी घरात मराठी बोली राखली आहे, आणि दसऱ्याचे शिलंगण हा त्यांचा मोठा सण आहे. लोणी व तूप विकून धान्य, मीठ व वस्त्र घ्यावे, हा त्यांचा पूर्वापार व्यवहार. त्या वस्त्रांत एक वस्त्र असे होते की ज्यावाचून पावसाळ्यात म्हशींमागे रानात जाणे अशक्य. ते म्हणजे घोंगडी. इकडच्या बोलीत कांबळे.

आमच्या प्रतिपादनाचा मध्यबिंदू येथे आहे. लोकर निपजते ती कोरड्या मुलखात, आणि तिची खरी गरज असते ती पावसाच्या मुलखात. माणदेशातील मेंढीच्या अंगावर वाढलेला तंतू सह्याद्रीच्या माथ्यावरील गुराख्याच्या डोक्यावर खोळ होऊन बसतो. घोंगडीचे दोन पदर एका टोकास जुळवून ती डोक्यावरून पाठीवर सोडली की हात मोकळे राहतात. पाऊस कितीही कोसळो, पाठ उबदार राहते. लोकरीच्या तंतूचा बाहेरील थर पाण्याचा थेंब ओघळवून देतो, आतील भाग मात्र हवेतील ओल शोषून घेतो. आपल्या वजनाच्या सुमारे तिसऱ्या हिश्शाएवढी वाफ शोषूनही लोकर अंगाला ओली लागत नाही. पूर्ण भिजली तरी तिची ऊब सर्वस्वी नाहीशी होत नाही. सुती वस्त्रात हा गुण नाही. म्हणून लावणीच्या चिखलात वाकलेला शेतकरी आणि रानातील गवळी या दोघांनीही घोंगडी जवळ केली. जेथे ती परवडली नाही तेथे पानांचे इरले आले. जाडसर, केसाळ व टोचरी म्हणून जी दख्खनी लोकर आज कमी प्रतीची ठरते, तिचा जाडपणा व राठपणा हाच पावसात तिचा गुण होता. कुलूची शाल घेऊन कोणी जोयड्याच्या आषाढात म्हशींमागे जाऊन पाहावे, म्हणजे प्रत म्हणजे काय याचा उलगडा होईल.

ही घोंगडी तयार कशी होते? वर्षातून दोनदा मेंढ्या कातरतात. कातरण्यापूर्वी त्यांना ओढ्यात वा नदीत धुऊन घेतात. मेंढीमागे वर्षाला जेमतेम अर्धा किलो, फार तर त्याहून थोडी अधिक लोकर निघते. तेव्हा एका घोंगडीस अदमासे दहाबारा मेंढ्यांची एका कातरणीची लोकर लागते, असा हिशेब करता येईल. कोकराची पहिली लोकर ती जावळाची. ती सर्वांत मऊ व तिचे मोल अधिक. काळी, पांढरी, करडी अशी निवड करून लोकर पिंजतात. सूत काढण्याचे काम बहुधा बायकांचे. चरख्यावर किंवा चातीवर काढलेल्या सुताचा ताणा उघड्यावर पसरून त्यास चिंचोक्याची खळ देतात व कुंच्याने ती सर्वत्र सारखी फिरवितात. खळीने धागा ताठ व घट्ट होतो. मग खड्ड्याच्या मागावर विणकाम. विणणारे ते सणगर. कित्येक ठिकाणी खुटेकर धनगरही विणतात. मेंढी राखणारा एक, सूत काढणारी दुसरी, विणणारा तिसरा व पांघरणारा चौथा, आणि हे चौघे शंभर-दीडशे मैलांच्या अंतरात विखुरलेले. बाजाराच्या व यात्रांच्या दिवशी ते एकमेकांस भेटत. कोल्हापूर जिल्ह्यातील पट्टणकोडोलीची विठ्ठल-बिरदेवाची यात्रा अशा भेटींचे प्रसिद्ध स्थान आहे. महाराष्ट्र, कर्नाटक या दोन्ही अंगांचे धनगर तेथे भंडारा उधळण्यास जमतात.

देवधर्मात व भाषेत घोंगडीने जी जागा मिळविली ती या व्यवहाराच्या बळावरच. गुंथर सोंथायमर या जर्मन पंडिताने बिरोबा, म्हस्कोबा व खंडोबा या देवांवरील आपला ग्रंथ १९७६ साली प्रसिद्ध केला आणि धनगरांच्या मौखिक परंपरेकडे विद्वानांचे लक्ष वेधले. रा. चिं. ढेरे यांनी १९८४ साली ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ या ग्रंथात पंढरपूरच्या दैवताचे मूळ गोपजनांच्या देवतेत शोधले. आपल्या संतांच्या गवळणींतून व काल्याच्या प्रसंगांतून गोकुळातला कृष्ण खांद्यावर घोंगडी टाकून उभा राहतो, तो मथुरेकडचा नसून सह्याद्रीचा आहे, हे वेगळे सांगावयास नको. बिरोबाच्या ओव्या गावयाच्या त्या घोंगडीवर बसून. पंचांनी न्याय करावयाचा तोही घोंगडी अंथरून.

आणि म्हणी-वाक्प्रचारांचे काय! न मिटलेल्या प्रकरणास आपण भिजत घोंगडे म्हणतो. कचेरीतील कारकून, विधिमंडळातील सभासद, वृत्तपत्राचा संपादक, सर्वांच्या तोंडी हा शब्दप्रयोग आहे. परंतु भिजलेली घोंगडी उचलताना हाताला किती जड लागते, ती पिळता येत नाही, पावसाळी हवेत दिवसचे दिवस वाळत नाही, आणि वाळेपर्यंत तिचा उपयोगही नाही, हा अनुभव किती जणांच्या गाठी आहे? एखाद्या व्यवहारात आपले घोंगडे अडकले आहे असे म्हणणारास, पूर्वी घोंगडी ही माणसाची सर्वांत मोलाची चीज होती व ती अडकणे म्हणजे माणूसच अडकणे, हे आठवत नाही. वस्तू गेली की वाक्प्रचार काही काळ उभा राहतो; नंतर तोही पोकळ होतो.

ही वस्तू कशी गेली, ते थोडक्यात पाहू. दख्खनी लोकर सुधारण्याचे प्रयत्न जुने आहेत. एकोणिसाव्या शतकात म्हैसूरचे कमिशनर मार्क कबन यांनी मेरिनो मेंढे आणवून तेथील मेंढ्यांची जात सुधारण्याचा उद्योग केला होता. स्वातंत्र्यानंतर महाराष्ट्रात दख्खनी मेंढीचा मेरिनो व रांबुये या जातींशी संकर करण्यात आला. १९६८ साली स्थापन झालेल्या राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात तर संगमनेरी शेळीचा अंगोरा शेळीशी संकर करून मोहेर काढण्याचे प्रयोग झाले. म्हणजे अंगोरा हे नाव मराठी मुलखात आले ते सशाच्या नव्हे, शेळीच्या पावलांनी. १९७८ साली मेंढी व शेळी विकास महामंडळ स्थापन झाले. या प्रयत्नांत विद्या होती व हेतूही शुद्ध होता. पण या सर्वांच्या मुळाशी एक गृहीत होते : लोकर बारीक झाली की मेंढपाळाचे उत्पन्न वाढेल. हे गृहीत फलटण-माणच्या माळावर खरे ठरले नाही. वर्षातील आठ महिने वाडा पाठीवर घेऊन भटकणाऱ्या धनगराला प्रथम हवे ते चालणारे, उपास काढणारे, ऊन सोसणारे जनावर. बारीक लोकरीचे नाजूक जनावर त्याच्या वाटचालीत बसत नाही.

तेवढ्यात बाजारच पालटला. कारखान्यांना ऑस्ट्रेलियाची व न्यूझीलंडची मऊ लोकर मिळू लागली; पानिपतची स्वस्त ब्लँकेटे खेड्यांतील दुकानांत आली; कृत्रिम धाग्यांची वस्त्रे आली; आणि पावसात डोक्यावर घ्यावयास प्लास्टिकचा कागद आला. गुराख्याने खोळ टाकली. दुसरीकडे शहरे वाढली तसा मांसाचा भाव चढला. मेंढपाळाच्या उत्पन्नात कोकरू पहिले, शेतात मेंढ्या बसविण्याचे खत दुसरे व लोकर तिसरी, असा क्रम पडला. जत तालुक्यातील माडग्याळ जातीची मेंढी अंगाने थोर, वाढीस जलद, आणि अंगावर लोकर जवळजवळ नसलेली. तिचा प्रसार वाढला तो याच कारणाने. फलटणच्या निंबकर संस्थेने बंगालच्या गरोळ मेंढीपासून जुळी देण्याचा गुण घेऊन तो दख्खनी मेंढीत उतरविला व ‘नारी सुवर्णा’ ही मेंढी तयार केली. तीही अधिक कोकरांसाठी, लोकरीसाठी नव्हे. मेंढपाळाच्या दृष्टीने हा शहाणपणाच होता. त्यास दोष देण्याचा अधिकार कोणासही नाही. मात्र परिणाम असा झाला की, आज कित्येक ठिकाणी कातरणीची मजुरी लोकरीच्या किमतीहून अधिक पडते. मेंढी कातरावी लागते ती तिच्या आरोग्यासाठी. निघालेली लोकर माळावर टाकून वाडा पुढे जातो.

या ठिकाणी आमच्या मूळ प्रश्नाचे स्वरूप बदलते. जोयड्यापासून पूर्वेस दोन-तीन दिवसांच्या पायी वाटचालीवर, धारवाड-बेळगावच्या माळांवर, मेंढीची लोकर मातीमोल होत आहे. आणि जोयड्यात नवी लोकर निपजविण्यासाठी परदेशी ससा आणण्याचा विचार आपण करावा, हा विचित्र न्याय होय. तुटवडा तंतूचा नाही. तुटवडा कातणाऱ्या हातांचा, चालत्या मागांचा व ग्राहकाचा आहे. कुलूने आपणास हेच शिकविले. तेथे माग आधी व ससा मागून आला. जेथे माग नाही तेथे ससा आणला, तर त्याची लोकर कोठल्या तरी व्यापाऱ्याच्या पोत्यात जाईल आणि भाव पडताच पिंजरे ओस पडतील.

जोयड्यातील माणसांना धंद्याची गरज नाही असे मात्र कोणी समजू नये. धरणाने जुनी गावे नेली. २००७ साली दांडेली-अणशीच्या अरण्यास व्याघ्रप्रकल्पाचा दर्जा मिळाला व २०१५ साली त्यास काळी नदीचे नाव देण्यात आले. वाघ राखला पाहिजे यात शंका नाही. पण राखीव रानात चराईचा संकोच होतो, आणि ज्याचे धन म्हशी, त्या गवळ्याच्या पायाखालची वाट त्यामुळे अरुंद होते. अशा वेळी घरबसल्या चालेल, रानावर ओझे टाकणार नाही असा उद्योग त्याला सुचवावा, ही सद्भावना योग्यच आहे. आम्हांस म्हणावयाचे ते एवढेच की, त्याच्या हातात पिंजरा देण्यापूर्वी त्याच्या पूर्वजांच्या खांद्यावर काय होते ते पाहावे. दख्खनी लोकर विकत आणून तिचे सूत काढणे, जाड आसने, गालिचे, खोळी विणणे, आणि कॅसलरॉक-दांडेलीकडे येणाऱ्या प्रवाशांस त्या विकणे, हा मार्ग तालुक्याच्या हवेशी तरी भांडत नाही. त्यातही कष्ट आहेत, भांडवल लागेल, आणि यशाची हमी कोणी देऊ शकणार नाही. परंतु त्यात मेंढीला तिच्या कोरड्या मुलखात राहू दिले जाते व माणसाला त्याच्या पावसाच्या मुलखात. शतकानुशतके चालत आलेली ही वाटणी मोडून नव्हे, तर तिच्या आधाराने नवा व्यवहार उभा राहावा, असे इतिहास सुचवितो.

राहिला प्रश्न आपणां अध्यापकांचा व साहित्यसेवकांचा. सणगराच्या मागावरील अवयवांची नावे, लोकरीच्या रंगांचे व प्रतींचे शब्द, खळ देण्याच्या क्रिया, खोळ घेण्याच्या निरनिराळ्या रीती, यांतील फार थोडा शब्दसंग्रह आपल्या कोशांत आला आहे. आणि जो आला आहे तो बहुधा देशावरचा. घाटमाथ्यावरील गवळी धनगरांच्या व जोयड्याकडील कुणब्यांच्या बोलींत कांबळ्याविषयी, पावसाविषयी, म्हशींच्या रंगरूपाविषयी जे शब्द आहेत, त्यांची नोंद मराठीत व्हावयाची आहे. सीमेपलीकडील तालुक्यात कोणत्या भाषेचे राज्य आहे या वादात आपण पुष्कळ शाई खर्च केली. त्याच तालुक्यातील वृद्ध गवळणीस तिच्या कांबळ्याच्या काठाला काय म्हणतात, हे विचारावयास मात्र आपल्यातील थोडेच गेले. सीमाभागातील शाळांतून शिकविणाऱ्या बांधवांना हे काम सहज करता येण्याजोगे आहे. एका वर्गातील मुलांनी आपल्या आजी-आजोबांकडून प्रत्येकी दहा शब्द लिहून आणले, तरी एका पावसाळ्यात एक छोटा कोश उभा राहील. लोकरीला भाव येणे आपल्या हाती नाही. शब्द गोळा करणे आहे; आणि ते काम तरी आपण भिजत ठेवू नये.